बेंगळूरहून लक्षद्वीप : प्रस्थानापूर्वीचे चार विचार

मुलांच्या परीक्षा संपत आल्या की घराघरांतून सुट्टीच्या बेतांची चर्चा सुरू होते. बेंगळूरमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुढे पर्यायांची वाण नाही. म्हैसूर, कोडगू, उटी ही ठिकाणे एका दिवसाच्या टप्प्यात आहेत, आणि गावाकडची ओढ तर असतेच. परंतु अलीकडे या यादीत एक नवे नाव वारंवार ऐकू येऊ लागले आहे. ते म्हणजे लक्षद्वीप. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी या बेटांना भेट दिल्यानंतर त्यांच्याविषयीचे कुतूहल देशभर वाढले. निळे पाणी, पांढरी वाळू आणि माडांच्या राई यांची छायाचित्रे पाहून कोणाचेही मन तिकडे धाव घेईल. मात्र लक्षद्वीपची सहल ही आयत्या वेळी पिशवी उचलून निघण्याची सहल नव्हे. तिची आखणी आधीपासून, घरातील सर्वांनी एकत्र बसून केली पाहिजे.

जुने ऋणानुबंध

शहाजीराजांच्या जहागिरीचे हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे नऊशे मीटर उंचावर वसलेले आहे. लक्षद्वीपची बेटे समुद्रातून जेमतेम दोन-चार मीटर वर आलेली. तरीही या दोन प्रदेशांचा संबंध जुना आहे. अमिनी, कडमत, किल्तान, चेतलत आणि बित्रा ही उत्तरेकडील बेटे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात टिपू सुलतानाच्या अमलाखाली होती. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टणचा पाडाव झाल्यावर ती ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली, आणि पुढे १९५६ पर्यंत त्यांचा कारभार मंगळूरहून, दक्षिण कानडा जिल्ह्यातून चालत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी सर्व बेटांचा मिळून केंद्रशासित प्रदेश झाला, आणि त्याच दिवशी कन्नड भाषकांचे विस्तारित म्हैसूर राज्यही अस्तित्वात आले. योगायोग इथेच संपत नाही. म्हैसूरचे ‘कर्नाटक’ आणि या बेटांचे ‘लक्षद्वीप’ हे नामांतरही १ नोव्हेंबर १९७३ या एकाच दिवशी झाले.

कोणत्या ऋतूत जावे ?

प्रथम विचार करावा तो काळाचा. जूनपासून मोसमी वारे अरबी समुद्र खवळून सोडतात. तेव्हा पर्यटकांची वर्दळ थांबते. ऑक्टोबर ते मे महिन्याचा मध्य हा सर्वसाधारणपणे प्रवासाचा काळ. शाळांना मोठी सुट्टी एप्रिल-मेमध्ये असते, म्हणून बहुतेक कुटुंबे तेव्हाच निघू पाहतात. पण त्या दिवसांत तेथे उकाडा असह्य असतो, आणि समुद्राचे पाणीही अतिशय तापलेले असते. हे तापणे केवळ आपल्याला त्रासदायक नाही. ज्या पोवळ्यांनी ही बेटे घडवली, त्यांच्या जिवावरच ते बेतते. हवा आणि समुद्र दोन्ही प्रसन्न असतात ते डिसेंबर ते फेब्रुवारीत. नाताळाच्या सुट्टीला दोन-चार दिवसांची रजा जोडता आली तर त्यासारखा योग नाही.

जाण्याची वाट

बेंगळूरहून कोचीला आगगाडीने एका रात्रीत पोहोचता येते. कन्याकुमारी एक्सप्रेसला जुने लोक अजूनही ‘आयलंड एक्सप्रेस’ म्हणतात, कारण पूर्वी ती कोचीच्या विलिंग्डन बेटावर जात असे. बंदर खोल करताना निघालेल्या गाळाच्या भरावाने तयार झालेले हे बेट. लक्षद्वीपची प्रवासी जहाजे येथूनच सुटतात. कोचीपासून राजधानी कवरत्ती सुमारे ४०० किलोमीटर आहे, आणि जहाजाला तिथवर साधारणपणे १४ ते १८ तास लागतात. कोचीहून विमानाने जायचे तर अगत्ती बेटावर सुमारे दीड तासात उतरता येते. विमान लहान असते, म्हणून सामान बेताचेच घ्यावे.

लक्षद्वीपमध्ये प्रवेशासाठी प्रशासनाचा परवाना आवश्यक आहे. आधी परवाना, मग तिकीट आणि राहण्याची सोय, हा क्रम ध्यानी ठेवावा. नियम व शुल्क वेळोवेळी बदलतात. ते लक्षद्वीप प्रशासनाच्या संकेतस्थळावरच पाहावेत, कोणाच्या सांगीवर विसंबू नये.

घरात आजी-आजोबा असतील तर दोन गोष्टींचा विचार अवश्य करावा. पुष्कळ बेटांपाशी पाणी उथळ असल्याने जहाज बाहेरच थांबते, आणि उतारूंना हलत्या जहाजातून लहान होडीत उतरावे लागते. गुडघेदुखी असलेल्यांना हे अवघड जाते. दुसरे असे की, कवरत्तीला रुग्णालय आहे, परंतु गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी वडीलधाऱ्यांची तपासणी करून घ्यावी आणि औषधे दोन-चार दिवस अधिक पुरतील इतकी बरोबर घ्यावीत. जहाज एखादा दिवस उशिरा निघू शकते, याचाही हिशेब ठेवावा. भाजीपाला जहाजानेच येतो. तेव्हा शाकाहारी मंडळींनी तशी सूचना आधीच द्यावी.

पोवळ्यांनी बांधलेली भूमी

या बेटांची घडण मोठी नवलाची आहे. पोवळे म्हणजे दगड नव्हे, तो एक चिमुकला सजीव. समुद्रात बुडत गेलेल्या डोंगराच्या कडेने असंख्य पोवळी पिढ्यान्‌पिढ्या चुन्याची भिंत रचत जातात, डोंगर दिसेनासा होतो आणि कंकणासारखी भिंत तेवढी उरते, अशी उपपत्ती चार्ल्स डार्विन यांनी १८४२ मध्ये मांडली. त्या कंकणाच्या आत शांत, उथळ, पाचूच्या रंगाचे खाजण असते. बाहेर समुद्र कितीही गर्जत असो, ही भिंत लाटांचा मारा झेलते, म्हणून आत माणसे राहू शकतात.

छत्तीस बेटांपैकी दहांवर वस्ती आहे. साऱ्या भूमीचे क्षेत्रफळ मिळून सुमारे ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे बेंगळूरच्या एखाद-दुसऱ्या उपनगराएवढे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे त्यावर ६४,४७३ लोक राहत होते. बहुतेक बेटांवर मलयाळमची एक बोली बोलतात, तर दक्षिणेकडील मिनिकॉयवर मालदीवच्या भाषेशी नाते सांगणारी महल. मिनिकॉयचे कोळी गळाने एकेक करून कुप्पा मासा पकडतात, जाळ्याने समुद्र खरवडून काढीत नाहीत. समाज जवळजवळ सगळा मुस्लिम आहे, आणि तरीही घराण्याचा वारसा आईकडून चालण्याची परंपरा तेथे आहे. आपल्या मुलामुलींनी हे डोळ्यांनी पाहिले तर पाठ्यपुस्तकातील पुष्कळ धडे त्यांना नव्याने उमगतील.

पाहुण्यांनी जाणावयाचे ते

या बेटांवर नदी नाही, ओढा नाही. पावसाचे गोडे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते. विहिरीतून ते अधिक उपसले की खारे पाणी वर येते. २००५ मध्ये कवरत्तीला समुद्राचे पाणी गोडे करण्याचे केंद्र सुरू झाले. समुद्राच्या पृष्ठभागावरचे उबदार पाणी निर्वात कक्षात सोडून त्याची वाफ करायची आणि खोलवरच्या थंड पाण्याने ती निववायची, ही त्याची युक्ती. दिवसाला एक लाख लिटर ही त्याची क्षमता होती. पण हे पाणी यंत्राने आणि खर्चाने मिळते. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळूरमध्ये ज्यांनी टँकरची वाट पाहिली, त्यांना बादलीभर पाण्याचे मोल वेगळे सांगावयास नको.

त्याहून मोठी काळजी पोवळ्यांची आहे. समुद्र प्रमाणाबाहेर तापला की पोवळी पांढरीफटक पडतात, आणि ताप टिकला तर मरतात. लक्षद्वीपात असे संकट १९९८, २०१०, २०१६ आणि पुन्हा २०२४ मध्ये आले. म्हैसूरमध्ये स्थापन झालेल्या नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी अगत्ती, कडमत आणि कवरत्ती येथे दोन तपांहून अधिक काळ पाहणी केली. १९९८ मध्ये सुमारे ३७ टक्के असलेले जिवंत पोवळ्यांचे आच्छादन २०२२ पर्यंत २० टक्क्यांच्या आसपास आले, असे त्यांना आढळले. भिंत खचली तर लाटा अडवणार कोण ? हा प्रश्न बेटवासीयांच्या घरादाराचा आहे.

मग जाऊच नये काय ? तसे नव्हे. पाहुण्यांमुळे तेथील तरुणांना काम मिळते, आणि जे आपण पाहिले व ज्यावर प्रेम जडले, त्याचीच काळजी आपण वाहतो. परंतु जाताना पाहुण्याची मर्यादा घेऊन जावे. स्नानाला पाणी बेताचे वापरावे. प्लॅस्टिकच्या बाटल्या व वेष्टने बरोबर नेलीच, तर ती परत आणावीत, कारण तिथे कचरा टाकायला जागाच नाही. पाण्यात उतरताना पोवळ्यांवर पाय देऊ नये. अंगाला जाड मलम फासण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत. पोवळ्याचा तुकडा आठवण म्हणून उचलू नये. २००१ पासून त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. गावातून फिरताना पोशाख साधा असावा, आणि कोणाचे छायाचित्र विचारल्याशिवाय घेऊ नये.

सहलीचा बेत करताना आपण खर्चाची वही मांडतो. तिच्यात आणखी एक रकाना असावा : आपल्या जाण्याने त्या बेटाला काय खर्च येणार आहे ? हा हिशेब मुलांकडून मांडून घ्यावा. बादल्या, बाटल्या, सामानाचे वजन, सारे त्यांनाच लिहू द्यावे. अशी तयारी करून जाणाऱ्या कुटुंबाचे ते निळे खाजण आनंदाने स्वागत करील, आणि आजच्या मुलांना आपल्या मुलांचा हात धरून पुन्हा तेथे जाता येईल.