फर्स्ट पीस ओके

प्रेस शॉपमध्ये माल बिघडायला लागला हे सगळ्यांत आधी कळतं ऑपरेटरला. मग हेल्परला, मग लाइन इन्स्पेक्टरला. आणि क्वालिटी मॅनेजरला कळतं ते बहुधा गिऱ्हाइकाचा फोन आल्यावर. डायची धार गेली की स्ट्रोकचा आवाज बदलतो, स्क्रॅप सुटताना चिकटतं, पीस उचलताना हातमोज्याचा धागा कडेला अडकतो. मशीनवर उभ्या असलेल्या पोराला हे पहिल्या पाचपन्नास पिसांतच समजतं. तरीही तो पुढचे हजार पीस काढत राहतो. का काढत राहतो, या एका प्रश्नापाशी वढू बुद्रुकचा एक क्वालिटीवाला निवृत्तीला आला तरी अडकून बसलाय.

वढू म्हटलं की महाराष्ट्राला छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आठवते, आणि ते रास्तच आहे. फाल्गुन अमावास्येला पुण्यतिथीची गर्दी उसळते तेव्हा गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी मात्र गावातल्या पुष्कळ घरांचं घड्याळ शिफ्टवर चालतं. कोरेगाव भीमाला नगर रस्त्याला लागलं की पुढे सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव असा कंपन्यांचा पट्टा सुरू होतो. रांजणगावात मोटारी, फ्रिज, टीव्ही जोडणारे मोठे कारखाने. आणि त्यांना, चाकणला, पिंपरीला पत्र्याचे तुकडे पुरवणारी छोटी प्रेस शॉप्स. आपला क्वालिटीवाला यातल्याच एका शॉपमधला. कोणत्या ते सांगायचं कारण नाही. आत गेलं की सगळी सारखीच दिसतात, ‘झिरो डिफेक्ट’च्या पाटीसकट.

त्याचं नाव झालं ते अंगठ्यामुळे. ब्लँकच्या, म्हणजे कापलेल्या पत्र्याच्या, कडेवरून अंगठा फिरवायचा, कडेला उभी राहिलेली बारीक धार, म्हणजे बर, चाचपायची आणि सांगायचं, ‘पन्नास मायक्रॉन.’ मग कुणीतरी मायक्रोमीटर लावायचा आणि आकडा पन्नासाच्या आगेमागेच निघायचा. गिऱ्हाइकाचे ऑडिटर आले की मालक त्याला मुद्दाम बोलावून घेत. बर बघताना डोळे मिटायची काही गरज नसते, पण समोर माणसं असली की तो मिटायचा. नव्या ट्रेनींमध्ये त्याच्या अंगठ्याच्या दंतकथा होत्या आणि त्यातल्या निम्म्या त्यानेच पसरवल्या होत्या, हे तो आता हसत सांगतो. इतरांच्या नजरेतून सुटलेला खराब पीस आपल्या हाताला लागला की त्याला आतून गोड वाटायचं. कंपनीचं नुकसान टळलं यापेक्षा, सुटला होता आणि मी पकडला, याचाच आनंद जास्त.

मग शुगर आली. अंगठ्याच्या शेंड्याला आधी मुंग्या, पुढे बधिरपणा. चहाचा कप किती गरम आहे ते ओठाला लागल्यावर कळायला लागलं. बरेच महिने त्याने हे कुणाला सांगितलं नाही; अंगठ्याऐवजी नखाने काम भागवलं. पण नख फक्त ‘आहे’ एवढंच सांगतं, ‘किती’ ते सांगत नाही. एक मिलिमीटरच्या पत्र्याला एक दशांशापर्यंत बर चालते आणि त्यापुढे चालत नाही, तिथे ‘किती’लाच सगळी किंमत.

एका नाईट शिफ्टला बीडकडचा एक आयटीआय झालेला पोरगा मशीनवर होता. कंत्राटी, अंगाने बारीक, कामात चलाख. क्वालिटीवाल्याने नख फिरवलं, काही उमगेना, आणि दमलेला असल्यामुळे त्याच्या तोंडून निघून गेलं, ‘जरा तू हात लावून सांग रे, मला काही लागत नाही आजकाल.’ पोराने हात लावलाच नाही. म्हणाला, ‘सर, जेवणाच्या सुट्टीआधीपासून बर आहे.’

‘मग बोलला का नाहीस’ हे क्वालिटीवाल्याच्या जिभेवर आलं होतं. उभ्या नोकरीत हे वाक्य त्याने किती जणांना ऐकवलं असेल याची गणती नाही. त्या रात्री स्वतःच्या बोटाची लाज होती म्हणून ते गिळलं गेलं. आणि गिळलं गेल्यामुळे पोरगा पुढे बोलत राहिला: कोणत्या कोपऱ्यात बर आधी येते, कोणती कॉइल लावली की पंच लवकर मरतो, कोणता सेटर डाय तिरकी बसवतो. इतका ऐवज तपासणीच्या रजिस्टरात कधीच आला नव्हता.

रजिस्टरचीही एक कथाच आहे. दर दोन तासांनी पाच पीस मोजायचे आणि आकडे मांडायचे, हा नियम. नाईटचं पान सकाळी उघडलं की १२.०२, १२.०३, १२.०२, १२.०२. एकाच पेनाने, एकाच दाबाने, एकाच बैठकीत लिहिलेलं. तारीख तेवढी खरी. खरं मोजमाप इतकं शहाण्यासारखं कधीच वागत नाही, ते थोडंफार वरखाली होतंच. वॉल्टर शूहार्ट या अमेरिकन माणसाने १९२४ मध्ये टेलिफोनची सामग्री बनवणाऱ्या कारखान्यासाठी एक पानी टिपण लिहिलं, त्यात नेमकं हेच सांगितलं होतं. काही हेलकावे प्रक्रियेच्या अंगचेच असतात, त्यांच्या मागे धावू नका. काही बाहेरून येतात, ते शोधून काढा. दोन्ही वेगळे ओळखायला त्याने तक्ता दिला. शूहार्ट पुढे १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून भारतातही येऊन गेला. सणसवाडीपर्यंत त्याचा तक्ता पोचला खरा, पण भिंतीवर लावायला. क्वालिटीवाला तक्त्यापुढे उभा राहतो तेव्हा डायबद्दल त्याला काहीच कळत नाही, भरणाऱ्याच्या मनातली भीती मात्र नीट वाचता येते. रेघ जितकी सरळ, तितकी भीती मोठी.

भीती कशाची, हे शॉपमधल्या कुणालाही विचारा. मशीन थांबवलं तर सेटर बोलवावा लागतो, डाय उतरते, टूलरूममध्ये ग्राइंडिंगला जाते, दोन तास गेले. ते दोन तास बोर्डावर कुणाच्या नावापुढे पडतात? ऑपरेटरच्या. आणि खराब माल पुढे गेला तर? चार दिवसांनी गिऱ्हाइकाच्या गेटवर पकडला जातो. सॉर्टिंगला माणसं पाठवावी लागतात, डेबिट नोट येते, क्वालिटीवाला रात्रभर फाइव्ह व्हायचा (पाच वेळा ‘का’ विचारून कारण शोधायचा) कागद भरतो. पण तोपर्यंत तो माल कोणत्या शिफ्टचा हे कुणाला आठवत नसतं. थांबवणाऱ्याला शिक्षा आजच्या आज आणि नावानिशी, पुढे ढकलणाऱ्याला कधीतरी आणि सगळ्यांत वाटून. हा हिशोब बीडच्या पोराला पहिल्या आठवड्यात जमला. मालकांना अजून जमलेला नाही.

अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंगचा लाल मण्यांचा खेळ क्वालिटीवाल्याने पुण्यात एका ट्रेनिंगमध्ये पाहिला होता. डब्यात ३,२०० पांढरे मणी आणि ८०० लाल. पन्नास खळगे असलेली फळी डब्यात बुडवून काढायची, लाल मणी म्हणजे रिजेक्शन. कमी लाल आले त्याला शाबासकी, जास्त आले त्याला दम, आणि शेवटी काहींना घरी पाठवायचं. मणी मिसळले साहेबाने, फळी दिली साहेबाने, आणि बोलणी खायची कामगाराने! सगळे मॅनेजर पोट धरून हसले, जेवण उत्तम होतं. सोमवारी शॉपमध्ये ऑपरेटरनिहाय रिजेक्शनचा बोर्ड होता तिथेच होता. डेमिंगच्या चौदा कलमांपैकी आठवं कलम कामाच्या जागेवरची भीती घालवा असं सांगतं. ते कलमही बोर्डाशेजारीच फ्रेम करून लावलेलं.

शूहार्टने टिपण लिहिलं त्याच १९२४ साली जपानमध्ये साकिची टोयोडाच्या स्वयंचलित मागाने पक्कं रूप घेतलं. धागा तुटला की तो माग आपोआप थांबे. त्याच विचारातून पुढे टोयोटाच्या लाइनवर दोरी आली. कुणाही कामगाराने ओढावी, आधी टीम लीडर धावत येतो, अडचण सुटली नाही तर लाइन थांबते. क्वालिटीवाल्याच्या शॉपमध्येही एका मोठ्या ऑडिटच्या आधी प्रत्येक प्रेसवर लाल दिवा आणि बटण बसलं. ऑडिटरने बटण दाबून पाहिलं, दिवा लागला, गुण मिळाले. त्यानंतर दिव्याकडे लक्ष जातं ते खंडेनवमीला. मशीनला हळदकुंकू, दिव्याला झेंडूचा हार. इतका स्वच्छ राहिलेला दिवा आशियात दुसरा नसेल, असं क्वालिटीवाला म्हणतो.

कन्सल्टंट लोकांवर त्याचा राग जुना आहे, आणि त्यात थोडा मत्सर आहे हेही तो नाकारत नाही. एका दिवसाचं त्यांचं बिल त्याच्या पगाराला लाजवतं. त्यांच्या प्रत्येक स्लाइड शोमध्ये मुंबईचा डबेवाला येतोच. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेलं काम, त्यातली बहुतेक माणसं मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नरकडची, म्हणजे वढूच्या शिरूर तालुक्याच्या शेजारपाजारची. ‘एक कोटी साठ लाख डब्यांत एक चूक, सिक्स सिग्मा सर्टिफाइड!’ हा आकडा फोर्ब्स मासिकाच्या लेखानंतर जगभर पसरला, पण तसलं सर्टिफिकेट फोर्ब्सने कधी दिलेलं नाही. चुका फार क्वचित होतात असं डबेवाल्यांनी सांगितलं, त्यावरून पुढे गणित मांडलं गेलं. डबेवाल्यांचं कौतुक करायला खोट्या सर्टिफिकेटची गरजच काय? मुकादमाच्या हाताखालची टोळी कमाई सारखी वाटून घेते, डबा चुकला तर बोलणं गिऱ्हाईक तोंडावर ऐकवतं, आणि चुकलेला डबा लपवून कुणाचाच फायदा नसतो. स्लाइडवर यायला हवं ते हे. पण ‘कमाई सारखी वाटा’ ही स्लाइड मालकासमोर कोण लावणार?

पुण्यतिथीच्या भाषणांबद्दलही त्याची तक्रार आहे. वक्ते तलवारीवरच बोलतात, तिच्यापलीकडे जात नाहीत. राज्याभिषेकाच्या आसपास थोरल्या महाराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांनी, चिपळूणकडे छावणी टाकलेल्या लष्कराच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेलं एक पत्र आहे. भाजीच्या देठाचं म्हणून सगळ्यांना माहीत असलेलं. क्वालिटीवाल्याला त्यातला पुढचा भाग महत्त्वाचा वाटतो. पावसाळ्यासाठी साठवलेलं गवत आहे, कुणी चुली पेटवेल, कुणी चिलीम ओढेल, वारा सुटेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर जळती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल. उंदरापर्यंत! आज कंपन्या ज्याला एफएमईए (काय काय बिघडू शकतं याचा आधीच केलेला विचार) म्हणतात, त्याचे तक्ते भरून घ्यायला माणसं नेमतात, त्यात इतका बारकावा त्याने क्वचितच पाहिलाय. आणि त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे: आग लागून गेल्यावर कुणब्यांच्या गर्दना मारल्या, कारकुनांना कितीही ताकीद केली, तरी खण उभारायला एक लाकूडही मिळणार नाही. रागावण्याने जळालेला साठा परत येत नाही, हे छत्रपतींनी हवालदारांना समजावून सांगितलंय. सणसवाडीच्या मॅनेजरांना मात्र डेबिट नोट आली की आधी गर्दन शोधायची असते.

बीडच्या पोराबरोबरच्या त्या रात्रीनंतर क्वालिटीवाल्याने काय केलं? फार काही नाही. बोर्डावरचा नावांचा रकाना पुसला, प्रेस नंबर आणि डाय नंबर एवढंच ठेवलं. थांबलेला वेळ टूलरूमच्या खात्यावर टाकायला लावला. त्यावरून टूलरूमप्रमुखाशी जुनी मैत्री तुटायची वेळ आली. डाय ग्राइंडिंगला कधी न्यायची हे स्ट्रोकच्या मोजणीवर ठरवलं, बर दिसायची वाट पाहायची नाही. प्रत्येक प्रेसजवळ चालणाऱ्या आणि न चालणाऱ्या बरचा एकेक नमुना तारेने टांगला. आणि राउंडला गेलं की ‘सगळं ओके ना?’ विचारणं बंद केलं. या प्रश्नाला ‘हो सर’ याशिवाय उत्तर नसतं. आता तो पीस पुढे करतो आणि म्हणतो, ‘बघ रे, मला लागत नाही.’ आधी ते खरं होतं म्हणून म्हणायचा. आता काही वेळा लागत असूनही म्हणतो.

परिणाम उलटा दिसला. शॉपमधलं रिजेक्शन वाढलं, लाल डबे भरायला लागले, रजिस्टरातले आकडे वेडेवाकडे यायला लागले. मीटिंगमध्ये प्रॉडक्शनवाल्याने आलेख दाखवून विचारलं, तुमच्या सुधारणेने क्वालिटी बिघडली कशी? पूर्वी पुढे जाणारा खराब माल आता आत पकडला जातोय, हे उत्तर तयार होतं. गिऱ्हाइकाच्या तक्रारी कमी झालेल्या होत्या, पण मीटिंगमध्ये न आलेल्या तक्रारीचा आलेख दाखवता येत नाही. मालकाने मान डोलावली आणि नावांचा रकाना परत टाकता येईल का तेवढं बघा, असं सांगून विषय संपवला. रकाना अजून आलेला नाही. क्वालिटीवाला दर मीटिंगला मार्करची शाई संपल्याचं सांगतो.

त्याला स्वतःला हे सगळं फारसं सुखाचं गेलं नाही. पीस पकडण्यात जो तोरा होता तो गेला. ऑडिटरसमोर आता दुसराच कुणीतरी अंगठा फिरवतो. टेल्कोच्या अप्रेंटिसांचे हात पाहत तो वाढला. कानस धरायची पद्धत बघून हा पिंपरीत शिकलेला आहे हे ओळखू यायचं. आताची पोरं कॅमेऱ्याने पीस तपासायची मशीनं मागतात. कॅमेरा थकत नाही आणि कॅमेऱ्याला भीती वाटत नाही हे त्याला पटतं, पण डाय उद्या दुपारी मरणार हे कॅमेऱ्याला आज कळेल का, याबद्दल त्याला दाट शंका आहे. मत विचारलंत तर घसारा भरून झालेल्या जुन्या माणसाचं मत म्हणून घ्या, असंही वर म्हणतो.

बीडच्या पोराने मध्यंतरी क्वालिटीत घ्या म्हणून अर्ज दिलाय. पगार थोडा वाढेल, नाईट कमी होतील, लग्नाच्या बाजारात ‘क्वालिटीला आहे’ म्हणायला बरं. अर्जावर शिफारस क्वालिटीवाल्यानेच करायची आहे. तो टाळाटाळ करतोय. कारण सांगतो की पोरगा इन्स्पेक्टरचा कोट घालेल त्या दिवसापासून मशीनवरचे दोस्त त्याच्याशी ‘हो सर’ बोलायला लागतील, आणि मग शॉपला बरची खबर देणारा उरणार नाही. बायकोने हे ऐकून घेतलं आणि विचारलं, पोराचा अंगठा आता तुमच्यापेक्षा चांगला आहे म्हणून तर नाही ना? त्यावर त्याने विषय कांद्याच्या भावाकडे नेला. एचआरने अर्ज या महिनाअखेरपर्यंत मागितलाय.