पांढऱ्या रणात आईचा फोटो

भुजहून साधारण ऐंशी किलोमीटरवर धोरडो गाव आहे. वाटेत भिरंडियाराला थांबून मावा खायचा, परवाना घ्यायचा आणि पुढे निघायचं. पावसाळ्यात कच्छच्या या रणात पाणी भरतं. हिवाळ्यापर्यंत ते आटतं आणि मागे मिठाचा थर उरतो. नजर पोहोचेल तिथवर पांढरंच पांढरं. आम्ही मुद्दाम पौर्णिमा साधून गेलो होतो. मी, माझी लेक आणि सत्तरी ओलांडलेली आई.

दुपारी चारच्या सुमारास मिठावर पाऊल ठेवलं. आईने ठेवणीतली लाल साडी नेसली होती. सूर्य तिच्या पाठीमागे होता. मी कॅमेरा ऑटोवर ठेवून फोटो काढला आणि लेकीने स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, "आजी, तुझा चेहरा कुठे गेला?"

मीठ राखेसारखं करडं आणि आईचा चेहरा काळा. "राहू दे गं, रण बघितलं, पुष्कळ झालं," आई म्हणाली. पण मला राहवेना. बाबांचा प्रवासातला शेवटचा फोटो असाच आहे. मागे कन्याकुमारीचा समुद्र लखलखतोय आणि त्यांच्या चेहऱ्यावर अंधार. तो फोटो मीच काढला होता.

असं का होतं? कॅमेऱ्याला मीठ, समुद्र किंवा आई यातलं काही कळत नाही. तो फक्त उजेड मोजतो आणि समोरचं दृश्य सरासरी मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. समोर सगळं पांढरं असलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो गडद करतो. अशा वेळी आपण त्याला सांगायचं, "अजून उजेड घे." कॅमेऱ्यावर अधिक-उणे चिन्ह असलेलं बटण त्यासाठीच असतं. मी ते अधिक एकवर नेलं, मीठ पांढरं झालं. अधिक दोनच्या जवळ नेलं, तेव्हा आईचा चेहरा उजळला. मोबाइलवर हेच आणखी सोपं आहे. चेहऱ्यावर बोट टेकवा आणि शेजारी सूर्याचं चिन्ह दिसलं की ते वर सरकवा.

उजेड कमी-जास्त करायच्या तीन चाव्या असतात. नळाखाली कळशी भरतोय असं समजा. नळ किती उघडला ते ॲपर्चर, किती वेळ उघडा ठेवला तो शटर स्पीड. एफ/८ वरून एफ/५.६ वर आलात की उजेड दुप्पट होतो. आकडा लहान, तोंड मोठं. शटर १/२५० वरून १/१२५ सेकंदावर आणलंत तरी उजेड दुप्पट. तिसरी चावी आयएसओची. तिने कळशीत पाणी वाढत नाही, आहे तेवढ्यावरच फोटो उजळतो. म्हणून आयएसओ फार वाढवला की फोटोत दाणे दिसू लागतात. बहुतेक मोबाइलमध्ये ॲपर्चर कायम एकच असतं, बाकीच्या दोन चाव्या फोन स्वतःच फिरवतो.

सूर्य क्षितिजाला टेकला तेव्हा मी उलटं केलं, उणे एक. आकाशाचा केशरी रंग गडद झाला आणि उड्या मारणारी लेक काळी आकृती होऊन उमटली. शटर १/५०० सेकंदावर होतं, म्हणून ती हवेत जिथल्या तिथे थांबली. इथे चेहरा दिसायला नकोच होता.

पौर्णिमेला सूर्य मावळतो त्याच सुमाराला पूर्वेला चंद्र उगवतो. तासाभरात तो वर आला आणि सगळं रण निळसर झालं. पौर्णिमेचा उजेड उन्हाच्या तुलनेत साधारण चार लाखांश असतो. इतक्या कमी उजेडात नळ बराच वेळ उघडा ठेवावा लागतो. ट्रायपॉड नव्हता, म्हणून कॅमेरा पिशवीवर टेकवला, दोन सेकंदांचा टायमर लावला. एफ/३.५, आयएसओ १६००, शटर आठ सेकंद. "आई, अजिबात हलू नकोस." आई पुतळ्यासारखी उभी राहिली, लेक मात्र हलली आणि फोटोत भुतासारखी पारदर्शक झाली. आकाशातला चंद्रही नुसता पांढरा ठिपका होऊन आला. त्याच्यावर थेट ऊन पडलेलं असतं, त्यामुळे आठ सेकंद त्याला फारच जास्त होतात.

घरी आल्यावर आईला सगळे फोटो दाखवले. मला वाटलं, ती चांदण्यातला निवडेल. तिने दुपारचा निवडला. त्यात मागचं आकाश पार पांढरं पडलंय, मिठावरच्या भेगाही पुसल्या गेल्यात. उजेडाने इतका जळलेला भाग नंतर परत आणता येत नाही. पण आईच्या कपाळावरचं गोंदण त्यात स्पष्ट दिसतंय आणि ती हसतेय.

तो फोटो आता बाबांच्या फोटोशेजारी लावलाय. पुढच्या सहलीला घरातलं कुणी उन्हाकडे पाठ करून उभं राहिलं, तर क्षणभर थांबा, त्यांच्या चेहऱ्यावर बोट टेकवा आणि मगच बटण दाबा.