एका दिवसाचा पंतप्रधान आणि आमचा मेंबर

परवा कोरीटला चहाच्या टपरीवर बसलो होतो. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, "आते आमना मेंबर कोन शे, भाऊ?" वीसेक वर्षं बातमीदारी करतोय, पण पटकन उत्तर सुचलं नाही. कारण उत्तर आहे, "कोणीच नाही." आपल्या जिल्हा परिषदेची निवडणूक जानेवारी 2020 मध्ये झाली, जानेवारी 2025 मध्ये मुदत संपली. 56 गट आहेत, मेंबर एकही नाही. प्रशासक आहेत. बाबा म्हणाले, "म्हणजे साहेब." म्हटलं, हो, साहेब.

घरी येताना डोक्यात सिल्वासा आलं. लांबचं नाही हो. नवापूरवरून सुरत, पुढे वापी, की आलंच. आपल्यासारखाच आदिवासी मुलूख. वारली, कोकणा, धोडिया लोकांचा.

1954 पर्यंत तिथे पोर्तुगीज होते. जुलैमध्ये दादरा सुटलं, 2 ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे आणि संघाचे स्वयंसेवक त्यात होते. बरेच आपले मराठी. गायक-संगीतकार सुधीर फडके त्यातलेच. लता मंगेशकरांनी मोहिमेसाठी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम करून पैसे उभे करून दिले. हा भाग आपल्याला माहीत असतो, दरवर्षी फॉरवर्ड येतो.

पुढच्या सात वर्षांचा फॉरवर्ड मात्र कधी येत नाही. पोर्तुगीज गेले, पण भारताने तो मुलूख लगेच आपल्यात घेतला नाही. पोर्तुगालने 1955 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा ठोकला, आम्हाला भारतातून वाट द्या म्हणून. मग तोवर राज्य कोणी करायचं? तर वरिष्ठ पंचायत नावाचं मंडळ. गावांचे प्रतिनिधी त्यात बसायचे, कारभार बघायला त्यांचा प्रशासक. जगाच्या नकाशावर नसलेला देश, मागे सैन्य नाही, आणि सात वर्षं कारभार चालला! मला याचं फार नवल वाटतं. सोव्हिएत युनियन फुटल्यावर जॉर्जियात 1992 मध्ये आधी लष्करी परिषद बसली, मग राज्य परिषद. त्याच वर्षी ऑक्टोबरात निवडणूक झाली, पण तोवर रस्त्यावर बंदुका होत्या. इथे मात्र पंचायत होती.

12 एप्रिल 1960 ला निकाल लागला. 1954 मध्ये पोर्तुगालला नागरिक आणि माल नेण्यापुरता वाटेचा हक्क होता, फौज नि हत्यारं नेण्याचा नव्हता, आणि वाट अडवून भारताने काही नियम मोडला नाही, असं कोर्टाने म्हटलं. जून 1961 मध्ये वरिष्ठ पंचायतीने भारतात सामील होण्याचा ठराव केला. आता करारावर सही करायला तिकडच्या बाजूने कोणीतरी हवं. म्हणून के. जी. बदलानी या आयएएस अधिकाऱ्याला एक दिवसापुरतं पंतप्रधान केलं. 11 ऑगस्ट 1961 ला एकीकडून नेहरू, दुसरीकडून बदलानी. दोन पंतप्रधान, आणि दोघेही भारताचेच.

गंमत इथपर्यंत. पुढचं वाचून मी जरा थांबलो. त्याच वर्षी संसदेने दादरा नगर हवेलीसाठी कायदा केला. त्यात वरिष्ठ पंचायत ठेवली, पण कामकाज सल्ल्यापुरतं. चर्चा करा, शिफारस करा, ठरवणार प्रशासक. तोही आता दिल्लीने नेमलेला. सात वर्षं स्वतःचा मुलूख चालवलेल्या लोकांना स्वतंत्र भारतात आल्यावर सल्लागार केलं. विधानसभा तिथे आजही नाही. 2020 मध्ये तो भाग दमण-दीवला जोडला, तेव्हाही मिळाली नाही.

विलीनीकरण चुकलं असं मी म्हणत नाही. पण तात्पुरतं म्हणून आलेला साहेब किती टिकतो ते बघा.

आपल्याकडची कारणं वेगळी आहेत, मान्य. आरक्षणाची 50 टक्क्यांची मर्यादा, कोर्ट, तारखा. आदिवासी जिल्ह्यात ते गणित अवघड आहेच. प्रशासक वाईट असतात असंही नाही. काहींच्या काळात फायली भराभर हलतात, मीच तशा बातम्या दिल्यात. पण साहेबाची बदली होते. मेंबर लग्नाला येतो, मयतीला येतो, त्याला पारावर अडवून चार शिव्या देता येतात, पाच वर्षांनी पाडता येतं. मागच्या मेंबरबद्दल त्या बाबांचं मत काही चांगलं नव्हतं. "काही कामना नव्हता," म्हणाले. तरी विचारत होते.

चहा संपवून बाबांनी पिशवीतून एक अर्ज काढला. गावातल्या हातपंपाचा होता. वरची ओळ कोरी. नाव कोणाचं लिहू, विचारलं. मी "मा. प्रशासक" लिहून दिलं.