नेमियाच्या बोगद्यातून

अथेन्सहून निघून कॉरिंथचा कालवा मागे टाकला की रस्ता हळूहळू डोंगरांत शिरतो. मग दोन्ही बाजूंना द्राक्षमळे लागतात आणि त्यांच्या मधोमध झ्यूसच्या देवळाचे उंच खांब दिसू लागतात. हे नेमिया. हेराक्लिसने सिंह मारला तो याच परिसरात, असं ग्रीक कथा सांगते. मी मात्र आले होते ती इथलं धावण्याचं मैदान बघायला.

ऑलिंपिया, डेल्फी, इस्थमिया आणि नेमिया या प्राचीन ग्रीसच्या चार मोठ्या क्रीडोत्सवांच्या जागा. नेमियाचे खेळ परंपरेनुसार इ.स.पू. ५७३ मध्ये सुरू झाले आणि दर दोन वर्षांनी भरत. त्यांच्या मुळाशी एका तान्ह्या मुलाचा मृत्यू आहे. राजपुत्र ओफेल्तीस चालायला लागेपर्यंत त्याला जमिनीवर ठेवू नका, असा देववाणीचा इशारा होता. थीब्जवर चाल करून निघालेल्या वीरांना पाणी हवं होतं. त्यांना झरा दाखवण्यासाठी दाईने बाळाला रानटी सेलरीच्या झुडपावर ठेवलं आणि तेवढ्यात त्याला साप डसला. त्याच्या अंत्यविधीसाठी वीरांनी खेळ भरवले, तेच हे खेळ. म्हणून इथले पंच सुतकाचे काळे कपडे घालत आणि विजेत्याच्या डोक्यावर त्याच सेलरीचा मुकुट चढे.

देवळापासून मैदान अर्ध्या किलोमीटरवर, टेकडीच्या कुशीत आहे. आधी लागतात खेळाडूंच्या कपडे बदलायच्या जागेचे अवशेष. इथे कपडे उतरवायचे, अंगाला तेल चोळायचं आणि बोगद्यात शिरायचं. इ.स.पू. चौथ्या शतकाच्या अखेरचा हा कमानदार दगडी बोगदा ३६ मीटर लांब आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे स्टीफन मिलर यांच्या उत्खननात तो १९७८ मध्ये सापडला.

आत गारवा होता. नजर सरावली तशी भिंतीवर कोरलेली अक्षरं उमटू लागली. आपली पाळी येईपर्यंत इथे थांबलेल्या माणसांनी ती कोरलेली. एकाने लिहिलंय, ‘अक्रोतातोस देखणा’. त्यापुढे दुसऱ्या हाताने भर घातलीय. मिलर यांनी तिचा अर्थ लावला तो ‘लिहिणाऱ्याच्या मते!’ असा. आणखी कुणी नुसतंच ‘मी जिंकतो’ असं कोरून ठेवलंय. बाहेर हजारोंचा गलका, आत उघडी अंगं आणि छातीतली धडधड. मुकुट त्या त्या वेळी सुकून गेले, पण ही वाट पाहणं दगडात राहिलं.

बोगदा संपतो आणि उन्हाने भरलेलं मैदान एकदम समोर येतं. धावपट्टी सहाशे प्राचीन फुटांची, म्हणजे सुमारे १७८ मीटर. कडेने दगडी पन्हळ जातं आणि त्यात मध्ये मध्ये पाण्याची कुंडं आहेत. उतारावर प्रेक्षक बसत. मातीत सापडलेल्या नाण्यांवरून दिसतं, की एका गावचे लोक एकत्र बसत.

सुरुवातीची रेघ ही आपल्या शाळेतल्या फक्कीच्या रेघेसारखी पुसून जाणारी नव्हे. ती दगडी पट्टी आहे आणि तिच्यात दोन समांतर खाचा आहेत. पुढच्या पायाची बोटं एकीत, मागच्याची दुसरीत. धावणारा उभ्यानेच, किंचित वाकून सज्ज राही. समोर दोन दोर ताणलेले, एक गुडघ्यापाशी, एक कमरेपाशी. ते धरणारे खांब पीळ दिलेल्या दोरखंडांच्या जोरावर एकदम जमिनीवर आपटत आणि सगळ्यांची वाट एकाच क्षणी मोकळी होई. त्याआधी जो निघेल त्याला छडीचे फटके बसत.

१९९६ पासून इथे पुन्हा शर्यती होतात. पांढरे अंगरखे घातलेली, साध्या घरांतली माणसं, मुलं आणि म्हातारी, याच बोगद्यातून येऊन अनवाणी धावतात. विक्रमांची नोंद ठेवत नाहीत.

मीही चपला काढल्या आणि खाचांमध्ये बोटं रोवली. दगड तापला होता. पुढची माती पायाला मऊ लागली. ज्या बाळाचं पाऊल या मातीला कधी लागलंच नाही, त्याच्यासाठी शतकानुशतकं माणसं इथे उघड्या पायांनी धावली. मी चार पावलं टाकली, सावकाश, मातीचा स्पर्श पुरता कळावा म्हणून.