गोळीमागची बाई

आमच्या सासऱ्यांना गाऊट आहे. पूर्वी पायाचा अंगठा असा ठणकायचा की अंगावरच्या चादरीचाही भार सोसत नसे. आता रोज ॲलोप्युरिनॉलची गोळी असते. शरीरात युरिक ॲसिड तयार होणेच ती कमी करते. ही गोळी शोधणाऱ्यांत एक बाई होती, हे आम्हा घरच्यांना फार उशिरा कळले.

तिचे नाव गर्ट्रूड एलियन. जन्म १९१८ चा, न्यूयॉर्कचा. वडील दातांचे डॉक्टर, पण १९२९ च्या मंदीत घरचा पैसा बुडाला. ती पंधरा वर्षांची असताना आजोबा कर्करोगाने गेले, आणि तिने रसायनशास्त्र धरले. हंटर कॉलेजात तेव्हा फी नव्हती, म्हणून तिला शिकता आले.

१९३७ साली पदवी हाती आली, पण काम मिळेना. एके ठिकाणी तर सांगितले, बाई आली तर प्रयोगशाळेतल्या पुरुषांचे लक्ष उडेल! तिने आधी बिनपगारी काम केले. पुढे दिवसा शाळेत शिकवून, रात्री आणि सुट्टीत प्रयोग करून १९४१ मध्ये एम.एस्सी. केले. नंतर एका किराणा कंपनीत लोणच्याचा आंबटपणा तपासला. महायुद्धामुळे पुरुष कमी पडले, तेव्हा कुठे प्रयोगशाळांची दारे बायकांना उघडली. १९४४ मध्ये ती बरोज वेलकम कंपनीत जॉर्ज हिचिंग्ज यांच्या हाताखाली लागली. पीएच.डी.साठी नोकरी सोडा, असे सांगण्यात आले. तिने पीएच.डी. सोडली.

पेशी वाढायची तर डीएनएच्या विटा लागतात. एलियनने हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या विटा बनवल्या. त्या बसल्या की रोगट पेशींची वाढ अडते. त्यातून मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरचे मर्कॅप्टोप्युरिन आले. १९५३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पुढे मूत्रपिंड रोपणासाठी ॲझाथायोप्रिन आले. १९८८ मध्ये हिचिंग्ज आणि जेम्स ब्लॅक यांच्यासोबत तिला नोबेल मिळाले. १९९९ मध्ये ती वारली.

मायबहिणींनो, हातात पैसा नसला की आपल्या घरांत आधी मुलीचे शिक्षण थांबते. मग आपण तिलाच म्हणतो, जिद्द धर. जिद्द एलियनकडेही होती. पण कॉलेजला फी असती तर ती जिद्द घरातच राहिली असती. तेव्हा लेक विज्ञान शाखेला जाते म्हणाली, तर शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे मिळतो आणि शेवटची तारीख कोणती, याची चौकशी आपणच करू या. तेवढे काम आपल्या वाट्याचे आहे.