गॅलरीतली मुलं

आमच्या लालबाग-परळच्या चाळींत दर मजल्यावर असं एखादं पोर असायचंच. कुणी घुम्या, कुणी वेंधळी, कुणी पायाला भिंगरी लावूनच जन्माला आलेला.

घुम्या कुणाच्या नजरेला नजर देत नसे, पण एसटीच्या वेळा त्याला तोंडपाठ. गावाला निघायचं तर आधी त्याला विचारायचं. भिंगरीवाल्याला दहा बाय बाराच्या खोलीत कोंडणार कसं? नळ आला की पिंपं भरायला तो, दळण आणायला तो, वरच्या मजल्यावर निरोप न्यायलाही तोच. वेंधळीला बाराखडी लागत नसे, पण तुंबलेल्या स्टोव्हला पिन करावी तर तिनेच. आणि एकाला कुकरची शिट्टी सोसत नसे. शेजारच्या काकू आधी हाळी द्यायच्या, ‘‘बाळा, कान झाक रे, शिट्टी होणारे!’’

तेव्हा छत्रीची काडी बदलली जाई, चपलेचा अंगठा शिवला जाई, भांड्यांना कल्हई होई. माणसं मात्र होती तशीच वापरात असत.

सगळंच गोड नव्हतं. उलटी अक्षरं काढली की शाळेत फूटपट्टी बसे. घरात अंगारे-धुपारे होत, ताईत बांधले जात आणि दोष यायचा तो आईच्याच माथी.

मग 1982चा गिरणी संप झाला. गिरण्यांबरोबर चाळीही उसवल्या. कुणी गावी गेलं, कुणी डोंबिवली, बदलापूर, विरारला. स्वतःचा नळ, स्वतःची मोरी, स्वतःचं दार! अप्रूप होतं. पण घुम्याचा दिवस गिरणीच्या भोंग्यावर चालायचा. भोंगा नाही म्हणून तो जेवेना. भिंगरीवाल्याला गॅलरी उरली नाही. वडील पहाटेच्या लोकलला गेले, की आई आणि पोर चार भिंतींत. मजल्याने मिळून वाढवलेलं मूल एकट्या बाईच्या पदरात पडलं.

समज आली ती हळूहळू. 1996 साली राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती दिल्या. 2007मध्ये ‘तारे जमीन पर’ आला आणि थिएटरात कितीजणांना आपल्याच मजल्यावरचं कुणीतरी आठवलं. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्याने स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता दोन्हींना आपल्या यादीत जागा दिली. आता नातवाचा रिपोर्ट घरात वाचला जातो. आजोबा म्हणतात, ‘‘यात काय विशेष? मीही असाच होतो.’’ आजी म्हणते, ‘‘होतात नाही, आहात.’’

चाळीत शेजार होता, समज नव्हती. आज समज आहे, तर दारं बंद. पोरांना दोन्ही लागतं. तुमच्या इमारतीत असं मूल राहायला आलं, तर ‘याला काय झालंय?’ असं विचारू नका. त्याला काय आवडतं आणि कशाचा त्रास होतो, एवढं त्याच्या आईला विचारा. आणि कुकर लावलात, तर आधी हाळी द्या.