यशाचा जमाखर्च

गेल्या नाताळापूर्वी जळगावास एका आप्तांच्या घरी प्रार्थनासभेस जाण्याचा योग आला. ‘ख्रिस्ती माणसाचे यशस्वी जीवन’ हा त्या दिवशीचा विषय होता. वक्ते तरुण होते, वाणी ओघवती होती आणि दाखल्यांची वानवा नव्हती. विश्वासाच्या बळावर एकाला परदेशी नोकरी लाभली होती, दुसऱ्याचे घर झाले होते, तिसऱ्याचा रोग बरा झाला होता. प्रत्येक दाखल्यानंतर मंडळी ‘आमेन’ म्हणत, आणि आम्हीही म्हणत होतो. देवाने कोणाचे भले केले, तर त्यात आमेन न म्हणण्यासारखे काय आहे? तथापि संध्याकाळच्या एस.टी.ने धुळ्यास परतताना ते आमेन आमच्या घशाशी अडखळू लागले. कारण आम्हांला आमचे वडील आठवले.

वडील धर्मोपदेशक होते. त्या काळी धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि १९९८ पासून नंदुरबार जिल्ह्यात मोडणाऱ्या नवापूरकडच्या भिल्ल वस्त्यांतून ते तीस वर्षे सायकलीवर हिंडले. पगार बेताचा, तोही वेळेवर येई असे नाही. त्या तीस वर्षांत त्यांच्या हातून ज्यांचा बाप्तिस्मा झाला, ती माणसे एका बैलगाडीत मावली असती. आम्ही इंग्रजी घेऊन एम.ए. झालो, प्राध्यापक झालो, आणि मनातल्या मनात ठरवून टाकले की, घरातील अपयश वडिलांच्या पिढीबरोबर संपले. शेवटच्या दुखण्यात त्यांनी एकदा आम्हांला जवळ बोलावून विचारले, “काय रे, माझ्या हातून काही झालं का?” आजाऱ्याला जे उत्तर देतात, तेच आम्ही दिले. “पुष्कळ झालं, बाबा,” असे म्हणालो आणि औषधाची वेळ झाली म्हणून उठलो. त्यांनी पुन्हा विचारले नाही. ते उत्तर मनापासूनचे नव्हते हे त्यांना कळले असावे, ही रुखरुख आजवर गेलेली नाही.

जळगावहून धुळ्याचा रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळा असा येतो. पाळधीहून धरणगाव जवळच. तेथे १८९० साली त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. १९०७ साली जळगावात भरलेल्या कविसंमेलनात या पोरसवदा कवीला ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक व लक्ष्मीबाई यांनी त्याला नगरला आपल्या घरी मुलासारखे वागविले. बालकवींवरून आम्ही टिळकांपाशी आलो, आणि त्या तरुण वक्त्यांचे माप टिळकांना लावून पाहण्याचा मोह आम्हांला आवरेना.

त्या मापाने हिशेब फारच निराशाजनक निघतो. १८९५ साली बाप्तिस्मा घेताच टिळकांना आप्तेष्ट आणि समाज यांना मुकावे लागले. पत्नी काही वर्षे दुरावली. १९१७ साली, म्हणजे आज आम्ही ज्या वयात पेन्शनीचे आकडे मांडीत बसतो त्या वयात, त्यांनी मिशनची पगारी चाकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला. तो दरबार त्यांच्या मागे फार काळ टिकला नाही. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून पुरे झाले नाही. आणि ठोमरे? त्यांच्या घरी राहून, त्यांचे अन्न खाऊनही तो मुलगा ख्रिस्ती झाला नाही. ५ मे १९१८ रोजी जळगाव-भुसावळ मार्गावरील भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली सापडून तो गेला. त्यानंतर एक वर्ष आणि चार दिवसांनी, ९ मे १९१९ रोजी, टिळकही गेले. एखाद्या धर्मप्रचारकाच्या वार्षिक अहवालात ठोमऱ्यांची नोंद कोणत्या रकान्यात करावी?

यावर कोणी म्हणेल की, टिळकांची गीते आजही मराठी मंडळ्यांतून गायिली जातात, ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेले, शिवाय त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक मराठीचे भूषण ठरले. मग टिळक अयशस्वी कसे? हे सारे खरे आहे. परंतु आमच्या मते ही युक्ती त्या वक्त्यांचीच आहे. फरक इतकाच की, यांनी वसुलीची मुदत वाढवून दिली. ज्याची गीते कोणी गायिली नाहीत, ज्याच्या घरात लक्ष्मीबाई नव्हती, त्या नवापूरकडच्या सायकलवाल्याचे काय?

शिवाय ‘स्मृतिचित्रे’ वाचताना एक गोष्ट विसरता येत नाही. श्रद्धा टिळकांची होती. तिचे मोल मात्र पुष्कळसे लक्ष्मीबाईंनी भरले. त्यांनी नवऱ्याला संत करून देव्हाऱ्यात बसविले नाही. त्याच्या लहरीपणाला त्या मनमुराद हसल्या आहेत, आणि त्या हसण्याखाली किती सोसणे आहे हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. आमची आईही महिनाअखेर पिठाचा डबा वाकवून पाहत असे. तिच्या त्या वाकवून पाहण्याचा खर्च ज्यात धरलेला नाही, असा कोणताही हिशेब आम्ही मान्य करणार नाही.

मग यशस्वी जीवन कशाला म्हणावे? आमच्या धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. फळाची आसक्ती सोडण्याचा विचार या मातीला नवा नाही. ख्रिस्ती शिकवण थोडी वेगळ्या वाटेने जाते. ती झाडापासून फळाची अपेक्षा धरते; मात्र मोजदाद झाडावर सोपवीत नाही. खुद्द प्रभू येशूचे जीवन त्या शुक्रवारी सायंकाळी मोजले असते, तर शून्य हाती आले असते: शिष्य पांगलेले, वस्त्रे वाटून घेतलेली. तिसऱ्या दिवशी तो उठला असे आम्ही मानतो. परंतु शुभवर्तमान सांगते की, उठल्यावरही त्याच्या हातांवरचे व्रण तसेच होते. त्याच्या विजयाने जखम पुसली नाही. सभेत ऐकलेल्या यशात आम्हांला ती जखम कोठे दिसली नव्हती.

घरी आल्यावर आम्ही वडिलांची रोजनिशी काढली. त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांनी एक वृद्ध भिल्ल गृहस्थ पिशवीभर तूर घेऊन आमच्या दारी आले होते, ते आठवले म्हणून. ते ख्रिस्ती नव्हते, पुढेही झाले नाहीत. एका पावसाळ्यात त्यांचा मुलगा तापाने फणफणला असता ‘मास्तर’ अकरा रात्री त्याच्या उशाशी बसून होते, एवढेच ते सांगत होते. मुलगा वाचला होता. आम्ही त्यांना चहा पाजला, तूर ठेवून घेतली, आणि परीक्षेचे पेपर तपासायला बसलो. आता त्यांनी सांगितलेले वर्ष शोधले, आषाढाच्या सुमाराची पाने उलटली. वडिलांचे अक्षर नीटस होते. एरवी प्रत्येक तारखेपुढे भेट दिलेले गाव आणि श्रोत्यांची संख्या लिहिलेली. त्या अकरा तारखांपुढे मात्र एकच वाक्य अकरा वेळा होते: “आज काम झाले नाही.”

ती पाने आम्ही पुष्कळ वेळ उघडीच ठेवली. बाबांनी आज पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर औषधाचे निमित्त करून आम्ही उठणार नाही. त्यांच्याजवळ बसू, आणि ती अकरा ओळी त्यांनाच मोठ्याने वाचून दाखवू.